मेलबर्नला फुटीची मॅच बघायला जाताय? आधी स्वेटरचा रंग तपासा

निवृत्त_नाना

नमस्कार मंडळी. लेकीकडे मेलबर्नला दोन महिने राहून नुकताच पुण्याला परत आलोय. प्रवासवर्णन लिहून छळत नाही, पेंग्विन आणि समुद्रातले ते खडक सगळ्यांनी फेसबुकावर बघितलेलेच आहेत. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून हा धागा.

मला मेलबर्नमध्ये एकच गोष्ट बघायची होती, एमसीजी, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड. लहानपणी पहाटे पाचला उठून रेडिओला कान लावलेला माणूस मी, मला बाकी काही नको. पण आम्ही पोचलो ऐन थंडीत आणि तिकडे थंडीत क्रिकेट नसतं. जावई म्हणाले, बाबा ग्राउंडच बघायचंय ना, मग गाइडेड टूर कशाला, फुटीची मॅच बघायला चला, भरलेलं एमसीजी दिसेल. फुटी म्हणजे त्यांचा ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. मला वाटलं ठीक आहे, ग्राउंड तर बघून होईल, खेळ गेला खड्ड्यात.

थंडी होती म्हणून हिने मला लक्ष्मी रोडवरून घेतलेला पांढऱ्या-काळ्या उभ्या पट्ट्यांचा स्वेटर घालायला लावला. हे लक्षात ठेवा.

मॅच होती कॉलिंगवूड विरुद्ध कार्लटन. स्टेशनवर उतरलो तर गर्दीतले निम्मे लोक माझ्यासारख्याच पट्ट्यांत! एक जण जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारून गेला, दुसऱ्याने अंगठा दाखवला, मी म्हटलं काय प्रेमळ लोक आहेत. काळे-पांढरे उभे पट्टे म्हणजे कॉलिंगवूडची जर्सी हे मला तोवर कोणीही सांगितलेलं नाही, जावई नुसते गालात हसतायत. आणि आमच्या सीट कुठे, तर वरच्या मजल्यावर कार्लटनच्या निळ्या मफलरींच्या मधोमध.

बसल्या बसल्या मी पहिलं काय केलं तर पिच शोधलं. मंडळी, पिच नाही! अख्खं मैदान हिरवंगार, मधे मातीचा पट्टाच नाही. शेजारी सत्तरीच्या आसपासची एक आजी बसली होती, गडद निळी मफलर, मांडीवर डबा. तिला विचारलं, पिच कुठे गेलं? ती म्हणाली, उचलून नेलं की, उन्हाळ्यात परत आणतील. मला वाटलं थट्टा करतेय. पण खरं आहे, पिच दुसरीकडे लोखंडी ट्रेमध्ये वाढवतात आणि क्रिकेटचा सीझन आला की आणून मैदानात बसवतात. मग माझ्या स्वेटरकडे बघून म्हणाली, पिच जाऊ दे, तू या कपड्यात इथे काय करतोयस ते सांग. आजूबाजूच्या चार रांगा हसल्या.

मी म्हटलं बाई, हा स्वेटर पुण्याचा आहे, मी कोणाचाच नाही. तर म्हणे असं चालत नाही, कोणाचं तरी व्हावंच लागतं. आणि पुढचे अडीच तास तिने मला दत्तक घेतलं. जावई चिप्स आणायला जे गेले ते पाऊण तास रांगेत, तोवर माझा क्लास सुरू.

खेळ थोडक्यात सांगतो, चुकलं तर जाणकारांनी दुरुस्त करा. एका बाजूचे १८ खेळाडू, म्हणजे मैदानात ३६ जण धावतायत आणि ऑफसाइड नावाचा प्रकारच नाही. चेंडू रग्बीसारखा लंबगोल. लाथ मारायची किंवा एका हातावर चेंडू धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसा मारून पास द्यायचा, फेकायचा मात्र नाही. चेंडू घेऊन पळायचं तर दर १५ मीटरला एकदा जमिनीवर आपटून परत पकडायचा, आणि लंबगोल चेंडू कुठे उडेल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं, पण ही पोरं जीव खाऊन पळता पळता ते करतात. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून लाथ मारलेला चेंडू गेला की ६ पॉइंट, बाजूच्या बुटक्या खांबाच्या आतून गेला की १. बोर्डावर १२.८.८० असं लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, १२ गोल, ८ एकेरी, एकूण ८०.

आणि 'मार्क'. १५ मीटर किंवा जास्त लांबून लाथेने आलेला चेंडू हवेत झेलला की तो तुमचा, कोणी हात लावायचा नाही, निवांत फ्री किक घ्या. त्यामुळे चार-पाच जण एकाच चेंडूसाठी उडी मारतात, एक पठ्ठ्या दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून वर जातो, आपल्या दहीहंडीचा तिसरा थर पळता पळता लागावा तसा. आमच्या समोर एकाने असा झेल घेतला आणि सत्तर-ऐंशी हजार लोकांच्या घशातून जो आवाज आला ना, मी सीटवरून उठून उभा. आजी म्हणाली बस खाली, तो तुमचा होता. म्हणजे कॉलिंगवूडचा.

हाफ टाइमला कार्लटन मागे होतं, तेव्हा तिने १९७० ची ग्रँड फायनल सांगितली. याच मैदानात, याच दोन टीम, १,२१,६९६ लोक, आणि ती वडिलांचा हात धरून उभी. कार्लटन हाफ टाइमला ४४ पॉइंटने मागे, आणि शेवटी १० ने जिंकलं. त्या दिवशी जेसौलेंको नावाच्या कार्लटनच्या खेळाडूने घेतलेला मार्क तिने मला उभं राहून, स्वतःचा हात वर करून दाखवला, चिप्स सांडल्या तरी शुद्ध नाही. आपल्याकडे ८३ च्या फायनलमधला कपिलचा झेल जसा कोणीही काका उठून दाखवतात, डिट्टो तसंच.

आम्ही बघितली त्या मॅचला मात्र कार्लटन हरलं. निघताना आजी म्हणाली, पुढच्या वेळी निळं घालून ये. आणि डब्यातला उरलेला केक टिश्यूत गुंडाळून हिच्यासाठी दिला.

चहाबाज

नाना एक नंबर 😂 पण हे रग्बीच झालं ना? ढकलाढकली, लंबगोल चेंडू. फरक काय?

पॉइंटकुकची_पमा

@चहाबाज हे असं मेलबर्नमध्ये मोठ्याने बोलू नका, भाऊ. रग्बीत पुढे पास देता येत नाही, इथे सगळा खेळ पुढेच. मैदान लंबवर्तुळाकार, क्रिकेटचंच. आणि गंमत म्हणजे मैदानाचं एकच ठरलेलं माप नाही, लांबी १३५ ते १८५ मीटरमध्ये कितीही चालते.

नाना, मस्त लिहिलंय. मी १४ वर्षं इथे आहे, पहिली तीन वर्षं मीही नाकं मुरडली, मग ऑफिसमध्ये सोमवारी सकाळी बोलायला विषयच उरेना तेव्हा झक मारत बघायला लागले, आता घरात मीच जास्त ओरडते. येणाऱ्यांसाठी थोडं:

तिकीट एमसीजीचं तिकीटेकवर, डॉकलंड्सच्या मार्व्हल स्टेडियमचं तिकीटमास्टरवर. साध्या मॅचला जनरल अ‍ॅडमिशन (सीट नंबर नसलेलं) घ्या, मोठ्यांचं तिसेक डॉलरच्या आसपास पडतं, मुलांचं त्याहून खूप स्वस्त. ग्रँड फायनलच्या तिकिटाचा विचार पाहुण्यांनी सोडून द्या, ती सप्टेंबरअखेरच्या शनिवारी असते, आणि आदल्या शुक्रवारी अख्ख्या व्हिक्टोरियाला सार्वजनिक सुट्टी!

गाडीने जाऊ नका. ट्रेनने रिचमंड किंवा जॉलिमाँटला उतरा, नाहीतर फ्लिंडर्स स्ट्रीटवरून नदीकाठाने आणि पुलावरून चालत जा, तो जथा बघणं हा निम्मा आनंद आहे, आळंदीच्या रस्त्यावर असल्यासारखं वाटतं, फक्त टाळाऐवजी मफलरी. शहरातली फुकट ट्राम एमसीजीपर्यंत फुकट नाही हे लक्षात ठेवा, मायकी (ट्राम-ट्रेनचं कार्ड) जवळ ठेवा.

खायचं घरून नेता येतं! एवढं कोणी सांगत नाही. काचेची बाटली, कॅन, दारू नको, बाकी डबा चालतो. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि भडंग नेतो. पण निदान एकदा तिथला मीट पाय सॉस घालून खा (खाणाऱ्यांनी), आणि शाकाहारी असाल तर गरम जॅम डोनट. आतला जॅम लाव्हा असतो, पहिला घास जपून, माझ्या नवऱ्याची जीभ दोन दिवस बधिर होती.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. 'तुम्ही कोणाला सपोर्ट करता' याला इथे 'बॅरॅक' म्हणतात. अमेरिकन पिक्चर बघून 'रूट' म्हणू नका. इथे त्याचा अर्थ वेगळा आहे. माझ्या सासऱ्यांनी शेजाऱ्याला बायकोसमोर विचारलं होतं, अजून त्या शेजाऱ्याच्या नजरेला नजर देत नाही मी.

निवृत्त_नाना

बापरे पमाताई, मी आजीला बहुतेक तेच विचारलं होतं. ती खोकल्यासारखं काहीतरी करून हसली होती, आत्ता उलगडा झाला 🙏

गावस्कर_भक्त

सगळं ठीक, पण एक सांगा, नेम चुकला तरी १ पॉइंट? आमच्या गल्लीत स्टंप चुकला तर एक रन देत नव्हते. हा खेळ नाही, उत्तेजनार्थ बक्षीस आहे.

पॉइंटकुकची_पमा

@गावस्कर_भक्त 😄 त्याला 'बिहाइंड' म्हणतात. पण त्या एकेका पॉइंटावर मॅचेस जातात हो. शेवटच्या मिनिटाला ५ ने मागे आहात आणि लाथ बुटक्या खांबाकडे वळली, की ते उत्तेजनार्थ बक्षीस तोंडावर मारल्यासारखं लागतं. सायरन वाजायच्या आत मार्क घेतला असेल तर वेळ संपल्यावरही लाथ मारू देतात, तेव्हा अख्खं स्टेडियम श्वास धरून बसतं. आणि गोल अंपायर बघा, खांबांच्या मधे ताठ उभे, गोल झाला की दोन्ही हातांची बोटं कमरेपासून पुढे रोखतात, मग दोन झेंडे फडकवतात, बिहाइंडला एक झेंडा. स्टेशनमास्तरच.

इतिहासाचा_किडा

नानांना पिच दिसलं नाही हे वाचून हसू आलं, कारण हा खेळ क्रिकेटवाल्यांनीच काढलाय. टॉम विल्स म्हणून व्हिक्टोरियाचा नावाजलेला क्रिकेटपटू होता, इंग्लंडला रग्बी स्कूलमध्ये शिकलेला. त्याने जुलै १८५८ मध्ये एका पेपरला पत्र लिहिलं, की हिवाळ्यात आपले क्रिकेटर सुस्तावतात, तर एक फुटबॉल क्लब काढा. पुढच्या वर्षी मे १८५९ मध्ये त्याने आणि मेलबर्न क्लबातल्या काही जणांनी बसून दहा नियम लिहून काढले. म्हणजे हे सगळं क्रिकेटरांना फिट ठेवायला! तिथल्या मूळनिवासी लोकांचा 'मार्नग्रूक' नावाचा चेंडूचा खेळ होता, त्यातून विल्सला काही सुचलं का यावर इतिहासकारांत भांडणं आहेत, त्यात पडत नाही.

आता पुढचं वाचा, हे आपल्यासाठी आहे. १८६१ मध्ये क्वीन्सलंडमध्ये विल्सच्या वडिलांना मूळनिवासींनी मारलं, बरोबरच्या बऱ्याच लोकांसकट. आणि त्यानंतर पाचच वर्षांनी हाच विल्स मूळनिवासी क्रिकेट टीमचा कोच आणि कॅप्टन झाला, आणि १८६६ च्या बॉक्सिंग डेला ती टीम एमसीजीवर खेळली. त्या टीममधला सगळ्यात भारी खेळाडू जॉनी मुलाघ. १८६८ मध्ये इंग्लंडचा दौरा करणारी पहिली ऑस्ट्रेलियन टीम म्हणजे हीच मूळनिवासींची टीम, मुलाघ तिच्यातही होता.

२०२० पासून बॉक्सिंग डे टेस्टच्या मॅन ऑफ द मॅचला मुलाघ मेडल देतात. पहिलं कोणाला मिळालं? अजिंक्य रहाणे. अ‍ॅडलेडला ३६ ऑल आउट झाल्यावर एमसीजीवर ११२ काढून टेस्ट जिंकून दिली होती त्याने, तेव्हाचं. म्हणजे फुटीच्या जन्मदात्याने घडवलेल्या खेळाडूच्या नावाचं पहिलं मेडल आपल्या मुंबईकराच्या गळ्यात.

गावस्कर_भक्त

किडा, हे माहीत नव्हतं. मेडल गळ्यात घातलेला फोटो शंभर वेळा बघितलाय पण ते कोणाच्या नावाचं हे बघितलंच नाही. फुटीला एक पॉइंट दिला. उत्तेजनार्थ.

सिडनीकर_सुहास

मेलबर्नवाले स्वतःलाच राजे समजतात म्हणून आमचंही लिहितो. मी २५ मार्च २०२२ ला एससीजीवर (सिडनी क्रिकेट ग्राउंड) होतो, आमचे सिडनी स्वान्स विरुद्ध जिलाँग. बडी फ्रँकलिनला करिअरचे १००० गोल पूर्ण करायला ४ हवे होते. त्याने चौथा मारला आणि पुढच्या क्षणी कुंपणावरून लोक आत. हजारो! मॅच चालू असताना! मी ४१ वर्षांचा, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस, बायको नको नको म्हणत असताना आत. मैदानाच्या मधोमध उभा राहून फ्लडलाइट बघतोय, बाजूला एक पोलीसही फोटो काढतोय. अर्धा तास तरी खेळ बंद. मग सगळे शहाण्यासारखे परत जागेवर जाऊन बसले आणि स्वान्स जिंकले. आपल्याकडे असं झालं असतं तर काय झालं असतं याचा विचार करत घरी आलो. (एरवी कुंपण ओलांडलं तर जबर दंड आहे, माझं बघून कोणी जाऊ नका.)

मृण्मयी_११

पहिल्यांदाच लिहितेय इथे. नवऱ्याच्या प्रोजेक्टमुळे मेलबर्नला आलोय चार महिन्यांसाठी, मुलगा ६ वर्षांचा, सासू-सासरे पण आलेत. मॅचला न्यायची फार इच्छा आहे पण दोन शंका. एक, दारू पिऊन दंगा वगैरे? दोन, स्पष्टच विचारते, आपण वेगळे दिसतो, सासूबाई नऊवारी नाही पण पाचवारी नेसतात, टिकली लावतात, कोणी काही बोललं तर मुलासमोर नको वाटतं.

पॉइंटकुकची_पमा

मृण्मयी, खरं सांगते. १४ वर्षांत मला स्वतःला मॅचला कोणी काही बोललेलं नाही. दोन्ही टीमचे लोक मिसळून बसतात, वेगळे पिंजरे नाहीत, नवरा-बायको वेगवेगळ्या मफलरी घालून शेजारी बसलेले दिसतील. मागच्या रांगेतला एखादा बिअर घेतलेला अंपायरला शिव्या घालतो तेवढंच. ड्राय एरिया म्हणून दारूबंदीचे भाग असतात, तिकीट काढताना ते बघ.

पण सगळं गोड गोड आहे असंही नाही. अ‍ॅडम गुड्स, स्वान्सचा मूळनिवासी खेळाडू, दोनदा ब्राउनलो मेडल (लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं), २०१४ चा ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर, त्याला पुढे मैदानामैदानात प्रेक्षकांनी इतकं हुर्यो केलं की २०१५ ला तो खेळ सोडून गेला. २०१९ मध्ये लीगने आणि सगळ्या क्लबांनी माफी मागितली, तेव्हा तो कधीच घरी बसला होता. त्यामुळे तुझी शंका अगदीच हवेतली नाही. आता वाईट बोलणाऱ्याची तक्रार करायला स्टेडियममध्ये मेसेजचा नंबर असतो, स्क्रीनवर दाखवतात. ठेव फोनमध्ये, लागणार नाही बहुतेक.

पर्थचा_पांडू

पमाताईंच्यात भर. १९९३ ला सेंट किल्डाचा निकी विनमार कॉलिंगवूडच्या घरच्या मैदानावर दिवसभर वर्णावरून शिव्या खाऊन जिंकला आणि मॅच संपल्यावर जर्सी वर करून स्वतःच्या पोटाच्या कातडीकडे बोट दाखवून उभा राहिला. त्याचा तसाच पुतळा आमच्याकडे पर्थच्या स्टेडियमबाहेर आहे. माझी मुलगी आठ वर्षांची, तिने विचारलं हा पोट का दाखवतोय. तिला सांगताना मला वेळ लागला. पण मॅचला आम्ही दर महिन्याला जातो.

पॉइंटकुकची_पमा

आणि मृण्मयी, ६ वर्षांचा मुलगा आणि साठीपुढचे सासू-सासरे असतील तर पहिली मॅच मार्व्हलला बघा. सदर्न क्रॉस स्टेशनवरून सरळ पूल ओलांडला की दारात, आणि छत बंद होतं, गारठा-पाऊस नाही. हाफ टाइम चुकवू नका, इवलीइवली पोरं मैदानात येऊन खेळतात. आणि सुरुवातीला पण वेळेवर जा, दोन मजली उंच कागदी बॅनर फाडून टीम आत येते. लोकांनी हाताने चिकटवलेला असतो तो, आणि दहा सेकंदांत चिंध्या. एमसीजीला काही मॅचेसनंतर प्रेक्षकांना मैदानात जाऊन चेंडू खेळू देतात, ते दुसऱ्या खेपेला.

चहाबाज

आणि स्वेटर कोणता घालायचा?

निवृत्त_नाना

करडा. करडा घाला आणि वाचा. माझा हिने धुऊन कपाटात ठेवलाय, म्हणते पुढच्या वर्षी परत न्यायचा. मी लेकीला निळी मफलर आणायला सांगितलीय, हिला अजून बोललो नाहीये.

मृण्मयी_११

जाऊन आलो!!! काल दुपारी, मार्व्हलला, सेंट किल्डा आणि बुलडॉग्ज. सविस्तर लिहायला वेळ नाही, डबे भरायचेत. सासूबाईंच्या साडीवर शेजारच्या बाई इतक्या खूश की काठाला हात लावून लावून विचारत होत्या, सासूबाईंनी मराठीत आणि त्यांनी इंग्लिशमध्ये तीन क्वार्टर गप्पा मारल्या. सासऱ्यांना स्कोअरचं गणित पहिल्या दहा मिनिटांत पाठ, बोर्डाच्या आधी बेरीज सांगत होते. वीस मिनिटांचा क्वार्टर अर्धा तास का चालतो यावर मात्र त्यांचा अजून आक्षेप आहे, चेंडू बाहेर गेला की घड्याळ थांबतं हे त्यांना पटत नाही. गरम डोनटने जीभ भाजली, पमाताई सॉरी, सांगितलेलं असूनही.

मुलाने मात्र खेळातली एकच गोष्ट उचललीय. कोणी चेंडू दाबून धरला आणि वेळेत सोडला नाही की अख्खं पब्लिक 'बॉऽऽऽल' असं ओरडतं ना, ते. काल रात्रीपासून सासरे टीव्हीचा रिमोट हातात घेऊन बसले की हा मागून येऊन बॉऽऽऽल. आज सकाळी बाबा बाथरूममध्ये, दाराबाहेर बॉऽऽऽल. काय करू?

निवृत्त_नाना

रिमोटच्या बाबतीत निर्णय अचूक आहे. फ्री किक नातवाला.